अकराची पेज

गेल्या पावसाळ्यात आपल्या वाङ्मय मंडळाची एक बैठक झाली होती, ती काहींना आठवत असेल. बाहेर धो धो पाऊस, त्यामुळे पाहुणे आलेच नाहीत. मग मॅडमनी आम्हांलाच कामाला लावलं. 'कम्फर्ट फूड'ला मराठीत काय म्हणाल? कोणी 'मायेचं जेवण' म्हणालं, कोणी 'जिवाला बरं वाटणारं'. शब्द काही ठरेना, तेव्हा प्रत्येकानं आपापला पदार्थ सांगायचा असं ठरलं. वरणभात-तूप आलं, मुगाची खिचडी आली, थालीपीठ आलं, एकानं प्रामाणिकपणे मॅगी सांगितली. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, "पेज."

"पेज? ती आजारी माणसाला देतात की गं!" मागून कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. मीही हसले आणि खाली बसले.

त्या दिवशी मी पुढचं सांगितलं नाही. आमच्या घरी पेज आजारी माणसाला देत नाहीत, विकतात. लोंढा स्टेशनच्या बाहेर आमचं छोटं हॉटेल आहे. 1978 पासून तिथं रोज सकाळी अकराला पेज मिळते. या कॉलेजात मला तिसरं वर्ष चालू आहे, आणि घरचं कोणी विचारलं की मी आजवर एवढंच सांगत आले, "पप्पांचा बिझनेस आहे." खोटं नव्हतं. पण खरंही नव्हतं.

आता ते हॉटेल बंद होणार आहे. म्हणून हे लिहायला बसले.

लोंढा बेळगावपासून पन्नासेक किलोमीटरवर, खानापूर तालुक्यात, जंगलाच्या कडेला आहे. गाव लहान, पण स्टेशन जंक्शन. एक रूळ बेळगावकडून मिरजेला जातो, एक धारवाड-हुबळीकडे, आणि एक कॅसलरॉकवरून घाट उतरून गोव्यात. 1961 पर्यंत कॅसलरॉक म्हणजे सरहद्द होती, पलीकडे पोर्तुगीजांचं राज्य. त्या घाटात गाडी चढवायला आजही जादा इंजिनं लावावी लागतात. दूधसागरचा धबधबा तुम्ही फोटोत पाहिला असेल, तो याच रस्त्यावर. तर गोव्याला जाणारं किंवा गोव्याहून येणारं माणूस या मार्गावरच्या रेल्वेनं आलं तर लोंढ्याला थांबणारच. आमचं हॉटेल या थांबण्यावर उभं राहिलं.

आजीला आम्ही शामाय म्हणतो. आजोबा रेल्वेत गँगमन होते, म्हणजे रुळांची देखभाल करणाऱ्या टोळीत. पाच मुलं आणि एक पगार. आजोबा सकाळी सहाला कामावर जायचे आणि अकरा वाजता शामाय त्यांना डब्यातून पेज पाठवायची. उकड्या तांदळाची पेज, मिठातली कैरी, असेल तर सुक्या सुंगटांची किसमूर. उन्हात चार-पाच तास हातोडा मारलेल्या माणसाला पोळीभाजी उतरत नाही. त्याला पाणी हवं असतं, मीठ हवं असतं आणि पोटाला आधार हवा असतो. पेजेत तिन्ही असतं. टोळीतले बाकीचे डब्यात डोकवायला लागले. एक दिवस आजोबा घरी येऊन म्हणाले, "उद्या चार माणसांची जास्त कर, पैसे देणार म्हणतात." पहिली पेज पन्नास पैशांना विकली गेली. वर्षभरात शामायनं स्टेशनबाहेरची दोन खोल्यांची जागा भाड्यानं घेतली, दोन बाकडी टाकली, आणि पेजेच्या आधी चहा, उप्पीट आणि पुरीभाजी सुरू केली.

हॉटेलला नाव आहे, पाटीही आहे. 2024 मध्ये पाटीवर साठ टक्के कन्नड असण्याचा नियम आला तेव्हा पप्पांनी ती नव्यानं रंगवून घेतली. वर मोठ्या अक्षरांत कन्नड, खाली लहान मराठी. पण ते नाव आजवर कोणी उच्चारलेलं मी ऐकलेलं नाही. लोक म्हणतात, "मावशीकडं जाऊन येतो." मावशी म्हणजे शामाय. ती जाऊन चार वर्षं झाली, आता आईला मावशी म्हणतात. आईच्या वयाचे लोकही म्हणतात.

त्या दोन खोल्यांत मी भाषा शिकले. आतल्या खोलीत चुलीपाशी कोकणी. बाहेर बाकड्यांवर मराठी, तीही आपली इकडची, "काय करूलालास?" वाली. लॉरी ड्रायव्हर आणि सरकारी साहेब आले की कन्नड. गोव्याला निघालेले प्रवासी आले की हिंदी किंवा इंग्लिश. मराठीच्या वर्गात 'ख्रिस्ती' म्हटलं की सर फादर स्टीफन्सचं नाव घेतात. 1616 साली छापलेलं ख्रिस्तपुराण, आणि मग वर्गातले सगळे माझ्याकडं बघतात, जणू मी त्यांची पणती. मला मनातल्या मनात हसू येतं. माझी मराठी ख्रिस्तपुराणातून आली नाही, शामायच्या उधारीच्या वहीतून आली.

शामाय मराठी चौथी शिकलेली. रेल्वेचा पगार महिन्याला, भूक रोजची, त्यामुळे उधारी आलीच. पण निम्म्या गिऱ्हाइकांची नावं तिला माहीत नसायची. विचारणं तिला बरं वाटायचं नाही. म्हणून ती वहीत असं लिहायची: 'निळा मफलर, पेज 2.' 'मिरजेचा गार्ड, चहा 3, पुरी 1.' 'बायको बाळंत आहे तो, पेज 1.' पुढच्या पानावर 'बायको बाळंत आहे तो' खोडून 'मुलगी झाली तो' केलेलं आहे. पैसे आले की त्या ओळीवर एक उभी रेघ. मी पहिलीत असताना दुपारी तिच्याशेजारी बसून ती वही मोठ्यानं वाचायचे, आणि ती चुका सुधारायची. वाचनाची गोडी लागली ती अशी. आता तर त्यातले शब्दही जुने झाले. गँगमनला रेल्वे ट्रॅक मेंटेनर म्हणते, आणि गार्डला 2022 पासून ट्रेन मॅनेजर. शामाय असती तर वहीत काय लिहिलं असतं कोण जाणे.

या मिरजेच्या गार्डची गोष्ट आमच्या घरात नेहमी निघते. हा माणूस आमच्याकडं रोज पेज घ्यायचा, पण आमच्या ताटलीत नाही. स्वतःचा पितळी डबा आणायचा आणि दारात उभा राहून तो पुढं करायचा. शामायनं डब्याला हात न लावता वरून पळीनं पेज ओतायची. कारण कोणी बोललं नाही, पण सगळ्यांना ठाऊक होतं. आम्ही ख्रिस्ती. पप्पा तेव्हा कॉलेजच्या वयाचे होते, त्यांना याचा भयंकर राग यायचा. एकदा ते शामायला म्हणाले, "त्याला देऊ नको." शामाय म्हणाली, "तो पैसे पहिल्या तारखेला देतो. तुझे सगळे दोस्त आत बसून खातात, त्यांची वही बघ." गोष्ट सांगताना इथं सगळे हसतात. पण मला मोठी झाल्यावर कळलं की शामाय ती ओळ हसण्यासाठी सांगत नव्हती. पळी उंच धरताना तिचा हात कधी थरथरला असेल का, हे मी तिला विचारायला हवं होतं. तो गार्ड शेवटपर्यंत आत बसला नाही. बदली होऊन गेला. वहीत त्याच्या नावावर एकही रेघ राहिलेली नाही.

आमच्या हॉटेलचं पंचांगही वेगळं आहे. सोमवार, गुरुवार, एकादशी आणि अख्खा श्रावण किसमूर बंद, चवळीची उसळ चालू. आमचा उपवासकाळ राखेच्या बुधवारी सुरू झाला की आई स्वतः चहाची साखर सोडते आणि दिवसभर दुसऱ्यांच्या चहात साखर घालते. हॉटेल वर्षात दोनच दिवस बंद, नाताळ आणि गुड फ्रायडे. गंमत अशी की गुड फ्रायडेला आमच्या घरी उपासाची म्हणून पेजच असते. लहानपणी मला तो दिवस आवडायचा, दुःखाचा दिवस असूनही. कारण आई-पप्पा, भाऊ, मी आणि शामाय सगळे एकाच वेळी बसून पेज खायचो. वर्षातून एकदा.

धंद्याला उतरती कळा एकदम लागली नाही. कोळशाच्या इंजिनांच्या काळात गाड्या लोंढ्याला निवांत थांबायच्या, असं शामाय सांगायची. नव्वदच्या दशकात मीटरगेज जाऊन रूळ रुंद झाले, गाड्या लांबच्या आल्या, पण थांबा काही मिनिटांचा झाला. प्रवासी खिडकीतून चहा घेतो, बाहेर येऊन बाकड्यावर बसत नाही. मग मार्च 2020 मध्ये गाड्याच बंद पडल्या. इतकी वर्षं शामाय गाडीच्या आवाजावर पेज उतरवायची, आणि आता दिवसच्या दिवस स्टेशनात शुकशुकाट. ती अकरा वाजता उठून दारात जायची आणि परत यायची. पुढं गाड्या सुरू झाल्या, पण आधीची सगळी गिऱ्हाइकं परत आली नाहीत. मधली काही वर्षं दुहेरी रुळांच्या कामावर आलेल्या मजुरांनी हॉटेल तगवलं. बिहार-ओडिशाची मुलं. त्यांना आमची पेज पहिल्याच दिवशी आवडली. त्यांच्याकडंही भात पाण्यात घालून खायची पद्धत, नाव तेवढं वेगळं. काम पुढं सरकलं तशी तीही पुढं गेली.

या मे महिन्यात सुट्टीला घरी गेले, तेव्हा पप्पांनी जेवताना सहज सांगितलं, "नाताळनंतर हॉटेल बंद करतोय. जागेच्या मालकाला सांगितलंय."

मी भांडले. अगदी मराठी वाङ्मयाच्या विद्यार्थिनीसारखी भांडले. ही नुसती जागा नाही, हा इतिहास आहे, शामायची आठवण आहे, इथं माणसं घरी आल्यासारखी येतात, असं बरंच काही बोलले. भाऊ कतारहून व्हिडिओ कॉलवर होता. त्यानं दुसरीच कल्पना काढली. मातीची भांडी, भिंतीवर रेल्वेचे जुने फोटो, पेजेचे अडीचशे रुपये, गोव्याला जाणारे लोक गाडी वळवून येतील. पप्पा दोघांचंही शांतपणे ऐकत होते. मग मला म्हणाले, "इतिहास पहाटे चारला उठतो काय गो?"

आईच्या गुडघ्यांना डॉक्टरांनी सक्त विश्रांती सांगितली होती. पप्पा म्हणाले, "तूं कर, पळोवया. आठ दिवस आतलं सगळं तुझ्याकडं. मी गल्ला आणि चहा बघतो." रागानं म्हणाले नाहीत. पण सूट पण दिली नाही.

पहिल्या दिवशी चारला उठले. खरं तर सव्वाचारला. शेगडी पेटवण्याआधी आई क्रूसाची खूण करते, तशी केली आणि रात्री भिजवलेला उकडा मोठ्या टोपात चढवला. उकड्याचं असं असतं की घाई चालत नाही. आधी जाळ मोठा ठेवून उकळी आणायची, मग झाकून बारीक आचेवर सोडून द्यायचा. दाणा फुटला पाहिजे, पण विरघळता कामा नये. मधल्या वेळात उप्पिटाचा रवा भाजायचा, बटाटे सोलायचे, पुऱ्यांची कणीक घट्ट मळायची. सहा वाजता पहिलं गिऱ्हाईक. साडेनऊपर्यंत मान वर करायला वेळ नाही. हातावर तेल उडालं, ते नळाखाली धरायलाही फुरसत नव्हती. आणि या सगळ्यात मी टोपाखालची आच वाढवायला विसरले. अकराला पेज वाढली तेव्हा दाणा आतून कच्चा होता.

कोणी काही बोललं नाही, हे जास्त लागलं. सगळ्यांनी गुपचूप खाल्लं आणि पैसे ठेवून गेले. एक म्हातारे मामा आहेत, रेल्वेतून रिटायर होऊन बारा-तेरा वर्षं झाली, अजून रोज येतात. ते तेवढे मागं थांबले. "बाळ, सकाळी वाटीभर जुनी पेज नव्या टोपात घालत जा. मावशी घालायची. आणि झाकणावर ओलं पोतं टाक, वाफ कोंडते." हे मामा शामायला म्हणजे थोरल्या मावशीला ओळखत होते. कोणत्या मावशीबद्दल बोलतात ते त्यांनाच ठाऊक. मी दुसऱ्या दिवशी तसं केलं. पेज चांगली झाली. मामांनी ताटली उचलून सगळं पाणी प्यायलं, मिशी पुसली आणि म्हणाले, "आता जमलं." तुम्हांला सांगते, विद्यापीठाच्या परीक्षेत पहिला वर्ग मिळाला तेव्हाही मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत मला वाटायला लागलं की मी जिंकले. बघा, जमतंय की! पप्पांना दाखवून द्यायचं म्हणून पाचव्या रात्री मी त्यांची हिशेबाची वही घेऊन बसले.

सगळं इथं मांडत नाही, पण ढोबळ हिशेब असा. दिवसाला साधारण चाळीस पेज, प्रत्येकी चाळीस रुपये. शंभर-सव्वाशे चहा. उप्पीट आणि पुरीभाजी मिळून पन्नासेक प्लेट. यातून दूध, तेल, रवा, तांदूळ, एकोणीस किलोच्या सिलिंडरचा दिवसाचा वाटा, जागेचं भाडं, आणि भांडी घासायला येणाऱ्या बाईंची मजुरी वजा करायची. हातात उरतात नऊशे रुपये. चांगल्या दिवशी. आई आणि पप्पा दोघं मिळून. पहाटे चार ते संध्याकाळी पाच, म्हणजे तेरा तास गुणिले दोन, सव्वीस तास. मी मोबाईलवर भागाकार केला. चौतीस रुपये आणि काही पैसे.

परत केला. तेवढेच आले.

म्हणजे माझी आई एक तास उभी राहून काम करते, तेव्हा तिच्या हातात चौतीस रुपये येतात. आणि तिनंच शिजवलेल्या पेजेची किंमत आहे चाळीस. एका तासाच्या कामात ती आपल्याच हॉटेलातली एक पेज विकत घेऊ शकत नाही.

मी पप्पांना विचारलं, "पेज साठ का करत नाही?" ते म्हणाले, "पस्तीसची चाळीस करायला एक वर्ष विचार केला. साठ केली तर तुझे ते मामा रोज येतील? दिवसाआड येतील. मग मी गल्ल्यावर बसून त्यांच्या न येण्याचा हिशेब करू?" भावाच्या अडीचशेच्या पेजेबद्दल ते काहीच बोलले नाहीत. बोलायची गरज नव्हती. ती पेज गँगमनची राहिली नसती.

आणि त्या चौतीस रुपयांतून काय काय झालं? आत्यांची लग्नं झाली. भावाचा डिप्लोमा आणि कतारची तिकिटं झाली. माझी तीन वर्षांची फी आणि होस्टेल झालं. मी बेळगावात बसून 'पप्पांचा बिझनेस आहे' म्हणत होते, त्या बिझनेसमध्ये आईचे गुडघे गेले होते.

त्या रात्री मला झोप आली नाही, आणि उद्या चारला उठायचं होतं. पडल्या पडल्या वाटलं, हॉटेल चालू राहायला हवं असं मला नेमकं कशासाठी वाटतं? मी ते चालवणार आहे का? नाही. मला एम.ए. करायचं आहे, शिकवायचं आहे. भाऊ चालवणार का? नाही. मग कोण? आई-पप्पांनीच. म्हणजे मी लांब राहून आठवण काढावी, कधीतरी अशाच एखाद्या अंकात ललित लेख लिहावा, म्हणून त्यांनी पहाटे चारला उठत राहावं. मामांना, ड्रायव्हरला, त्या बिहारच्या मुलांना आमच्या बाकड्यावर घरी आल्यासारखं वाटायचं हे खरंच आहे, मी डोळ्यांनी पाहिलंय. पण त्यासाठी आमच्या घरातली दोन माणसं कायम घराबाहेर होती. लहानपणी मला ताप आला की शेजारच्या काकू बसायच्या उशाशी. आई हॉटेलात असायची. लोकांसाठी पेज घेऊन.

हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. आईसमोर हे वाचलं तर ती म्हणेल, "मग काय झालं? काकू होत्या ना?" पण 'मायेचं जेवण' असा शब्द आपण त्या बैठकीत किती सहज फळ्यावर लिहिला होता. ती माया कोणीतरी पहाटे उठून शिजवते, आणि ती फुकट असते असं आपण धरून चालतो. आईची असली तर नक्कीच. हॉटेलची असली तर निदान चाळीस रुपये तरी देतो.

आठव्या दिवशी, शनिवारी, आई काठी टेकत हॉटेलात आली. "बघायला आले," म्हणाली. आली तशी सवयीनं आत जायला लागली, पप्पांनी अडवलं. अकराची वेळ. बाकडी भरत आली होती. मामा जरा सरकले आणि म्हणाले, "बसा की मावशी, इथं."

आई बसली. लग्न होऊन या घरात आल्याला तिला अठ्ठावीस वर्षं झाली. अकरा वाजता त्या बाकड्यावर ती पहिल्यांदा बसली असावी. हात कुठं ठेवावेत तेच तिला कळत नव्हतं. पदराशी चाळा करत होती. मी ताटलीत पेज वाढली, बाजूला मिठातली कैरी आणि किसमूर ठेवली, आणि बाकीच्यांसारखी तिच्यापुढं नेऊन ठेवली. तिनं फुंकर घातली, एक घोट घेतला. आजूबाजूचे सगळे खायचे थांबून तिच्याकडं बघत होते. तिनं आणखी एक घोट घेतला.

"मीठ उणें पडलां," ती म्हणाली.

सगळे हसले. पप्पाही हसले. मी आत जाऊन मिठाची वाटी आणली आणि तिच्यापुढं ठेवली. तिनं मीठ घातलं, ढवळलं, आणि सावकाश, गरम असताना, सगळी पेज संपवली. मामा तिच्याआधी संपवून बसले होते, पण ती उठेपर्यंत उठले नाहीत.

पप्पांशी मी नंतर भांडले नाही. नाताळनंतर हॉटेल बंद होणार हे ठरलं आहे. टोप घरी आणणार आहोत, तो एवढा मोठा आहे की स्वयंपाकघरात ठेवायला जागा नाही, पण आई विकू देत नाही. उधारीची वही मी मागून घेतली आहे. तिच्यात अजून काही ओळींवर रेघ नाही. 'निळा मफलर'च्या तीन पेज बाकी आहेत, 1983 पासून. पप्पा म्हणाले, असू दे.

मामांचं काय होणार, याचं उत्तर माझ्याकडं नाही. आई म्हणते त्यांचा डबा घरून पाठवू. पप्पा म्हणतात, म्हणजे परत सुरू झालं सगळं.

मागच्या बैठकीत जो हसला होता, त्याच्यावर माझा राग नाही. त्याला माहीत नव्हतं, आणि मी सांगितलं नव्हतं. आता सांगते. आमचं लोंढ्याला हॉटेल आहे. नाताळपर्यंत उघडं आहे. गोव्याला जाताना कोणी उतरलात तर स्टेशनबाहेर मावशीचं कुठं म्हणून विचारा, कोणीही दाखवेल. अकरापर्यंत पोहोचा. साडेबारानंतर पेज उरत नाही.